शंकेचा माल

टक्.

दुपारच्या निपचित घरात एवढाच आवाज झाला, आणि तोही घरातला असून घरात झाला नाही. खाली झाला, तीन मजले खाली, स्कूटर लावायच्या फरशीवर. लाइट गेलेली होती, पंखा बंद होता, म्हणून ऐकू तरी आला. वाळलेला फ्रॉक काढताना वासंतीच्या बोटांतून चिमटा सुटला होता. निळ्या प्लास्टिकचा, स्प्रिंग सैल झालेला. तो कठड्यापलीकडे गेला, दिसेनासा झाला, आणि मग काहीच नाही. त्या काहीच-नाहीला ती पुढं कितीतरी दिवस चाचपून बघत राहिली. वस्तू हातातून तर गेली आहे, पण अजून पडलेली नाही, अशी एक फट असते; त्या फटीत माणूस मूर्खासारखा हात पुढं करून उभा राहतो. मग टक् झालं. रोशनी शेजारीच होती, गजांना गाल लावून आइस्क्रीमची काडी चघळत. "आई, पडला!" ती आनंदानं ओरडली, आणि कुठं पडला ते बघायला चवड्यांवर उंच झाली, कठड्याच्या वरच्या पट्टीवर पोट टेकवून वाकली. आणि वासंतीच्या दोन्ही तळव्यांना तिची पाठ लागली.

लागली म्हणजे काय, हे तिला कुणाला सांगता आलं नसतं. हात तर वाळका फ्रॉक धरून हवेत होते, पोरीपासून चांगले लांब. पण तळव्यांना पातळ सुती कापड लागलं, त्याखालची घामानं दमट झालेली ऊब लागली, खांद्यामागची दोन कोवळी हाडं लागली, आणि दंडापासून मनगटापर्यंत एक जोर सळसळत खाली उतरला. ढकलण्याचा जोर. मग समोरचं वजन गेलं आणि तळवे एकदम हलके झाले. नाकात कसलीशी आंबट वाफ भरली. आणि अजून न झालेला एक आवाज कानात झाला, टक् नव्हे, त्याहून मोठा आणि मऊ. वासंतीनं हातातला फ्रॉक टाकला, रोशनीचा दंड धरला आणि तिला आत ओढलं, इतक्या जोरात की पोर उंबऱ्यात आपटली. गॅलरीचं दार लावून तिनं त्याला पाठ टेकली. रोशनी भोकाड पसरून रडत होती. म्हणजे ती आत होती, खाली नव्हती. तरी वासंतीला खाली बघून यायचं होतं. दार उघडून, वाकून, फरशीवर चिमट्याशिवाय दुसरं काही नाही ना, एवढंच.

संध्याकाळी नवनाथ आला तेव्हा पोरीच्या दंडावर चार बोटं निळी उमटली होती. "हे काय?" त्यानं विचारलं. तो ओरडूनच विचारतो. दिवसभर धाग्याच्या मशिनींच्या घरघराटात उभा राहणारा माणूस, घरात दूध मागितलं तरी बिल्डिंगला कळतं. वासंती म्हणाली, "गॅलरीतून वाकली होती." "मग बराबर केलं," नवनाथ म्हणाला, "अजून दोन ठेवून द्यायच्या होत्या." आणि पोरीला मांडीवर घेऊन मोबाइलवर हत्तीचं पिल्लू दाखवायला लागला. वासंती पोळ्या लाटत होती. तिला वाटलं होतं, तो तिच्याकडे बघेल, त्याला काहीतरी दिसेल. त्याला काहीच दिसलं नाही. तिच्यावर संशय घेणारं ह्या घरात कुणी नव्हतं. म्हणजे ते काम तिलाच करावं लागणार होतं.

विचार डोक्यात येतो म्हणतात. तिला तो हातात यायचा. डोकं बिचारं आपलं भाजीत मीठ पडलं का, प्रमिलाताईंचा डबा परत द्यायचाय, असल्या गोष्टींत असायचं, आणि हातांना अचानक काहीतरी लागायचं. रोशनीच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घालताना तळव्याला तिचं ओलं डोकं खाली, अजून खाली दाबल्याचं लागायचं. केसांचा बुळबुळीत गोळा, आणि त्याखाली धडपडणारी मान. घरात टब नव्हता, बादली अर्धी होती, पोर उभी राहून साबणाचे फुगे उडवत होती; तरी बोटांच्या पेरांत ती धडपड राहायची, घंटा वाजून गेल्यावर पितळेत थरथर राहते तशी. भात भरवताना चिमटीत घास असायचा आणि अंगठ्याला पलीकडचा घसा लागायचा. इस्त्री करताना तर काही व्हायच्या आधीच कातडी करपल्याचा वास यायचा, आणि ती प्लग काढून, इस्त्री गार होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहायची, जणू नजर हटली की इस्त्री उठून चालायला लागेल. सगळ्यात वाईट ह्याचं वाटायचं, की हे सगळं तिच्या हातांना ओळखीचं लागायचं. न केलेली गोष्ट इतकी हुबेहूब कशी लागते? ज्याला आंबा माहीत नाही त्याच्या जिभेवर आंब्याची चव येईल का? मग हातांना हे कुठून माहीत? त्यांनी कधी केलंय? की करायचंय? आणि ह्या प्रश्नाशी आली की पोटातून एक गार लाट वर चढायची, आणि ती लाट म्हणजे भीती आहे की ओढ, हेही तिला धड ओळखता यायचं नाही.

म्हणून तिनं बंदोबस्त केला. गॅलरीच्या दाराला वर कडी होती, तिला कुलूप घातलं; कपडे आतल्या खोलीत खुर्च्यांवर वाळायला लागले आणि घराला कुबट वास यायला लागला. कात्री, इस्त्री आणि रॉकेलची जुनी बाटली माळ्यावर गेली. रोशनी घरात असली की वासंती दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवायची, आणि ओट्याशी काम करताना पोर दारात आली तर हातातलं ठेवून हात काखेत घालून उभी राहायची. आधी रोशनीला हा खेळ वाटला. मग तिनं आपणहून एक रीत पाडली. स्वयंपाकघराच्या अलीकडेच थांबायची आणि खानवेलच्या बसच्या कंडक्टरसारखी आवाज द्यायची: "मी येतेय हां! येतेय!" क्षणभर वाट बघायची, आईचे हात काखेत गेले असतील असा अंदाज घ्यायची, मग यायची. नवनाथला ह्याचं हसू यायचं. वासंतीला पोरीच्या शहाणपणाचा आधार वाटायचा. एवढंसं लेकरू आपल्याला मदत करतंय असं वाटून डोळे भरून यायचे. ते शहाणपण पोरीला कुठून आलं, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

ती आंबट वाफ कुठली, हे तिला पुष्कळ उशिरा उमगलं. रोशनी व्हायच्या आधी चार-पाच वर्षं ती गलोंड्याच्या बाजूला एका धाग्याच्या कंपनीत तपासणीच्या खोलीत होती. बाहेर हॉलमध्ये मशिनींवर धाग्याची बॉबिनं, म्हणजे मोठी रिळं, भरायची, आणि प्रत्येक बॉबिनातला थोडा थोडा धागा ह्या खोलीत यायचा. इथं एक छोटं गोल विणायचं मशीन होतं. त्यावर त्या धाग्यांचा एकाखाली एक लांबच लांब मोजा विणायचा. टाच नाही, बोटं नाहीत, कुणाच्याच पायात न जाणारा मोजा. मग तो उकळत्या रंगात बुडवायचा. त्या रंगात आंबट काहीतरी घालायचे, त्याची वाफ केसांत बसायची, घरी आलं तरी जायची नाही. रंगवलेला मोजा पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फळीवर ताणायचा आणि बघायचं. सगळा एकसारखा निळा असला तर माल चांगला. पण एखाद्या बॉबिनानं रंग कमी घेतला असला तर त्या जागी फिकट पट्टा दिसायचा, इतका फिकट की साध्या माणसाला तो दिसणारच नाही. वासंतीला दिसायचा. खोलीचे साहेब अरविंदसर रत्नागिरीचे, हळू बोलणारे, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बघ वासंती, आपल्याकडे नियम एकच. शंका आली की बाजूला. धागा चांगला असेलही, पण शंका आली ना, मग बाजूलाच. इथून सुटलेला पट्टा साडी होऊन दुकानात गेला, की मग तो कुणाच्या बापाला पुसता येत नाही." कोपऱ्यात एक लोखंडी मांडणी होती, तिला सगळे शंकेचा माल म्हणायचे. तिथं ठेवलेलं बॉबिन परत चांगल्यात गेलेलं वासंतीनं तरी पाहिलं नव्हतं.

ती फार चांगली होती त्या कामात. इतकी, की हॉलमधला नथू ऑपरेटर तिच्यावर खार खाऊन असायचा. एकदा तिनं त्याच्या मशिनीची बॉबिनं खोक्यामागून खोकं शंकेत टाकली तेव्हा तो तपासणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. "ओ मॅडम! काय चाललंय? मशीन बंद करून घरी जाऊ का मी?" "पट्टा आहे," ती म्हणाली होती. "कुठाय? दाखवा." तिनं दाखवला. नथू वाकून बघत राहिला. "धाग्यात नाय ओ. तुमच्या डोळ्यात आहे. सकाळपासून निळं निळं बघून राहिल्या, आता नवऱ्याच्या तोंडावरपण पट्टा दिसेल." सगळ्या पोरी हसल्या. अरविंदसरांनी मग मोजे परत रंगवून घेतले, आणि तिच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाले, "बाहेर जाऊन हिरवं काही बघून ये. एकदा बघायचं आणि सोडायचं, बाई. टक लावलीस की कुठल्याही मोज्यात पट्टा निघतो." ती बाहेर जाऊन कुंपणाजवळच्या करंजाकडे बघत उभी राहिली होती. हे सगळं तिला आता आठवलं, नथूचा कळकट शर्टसुद्धा आठवला, पण त्यातून तिनं उचललं ते एवढंच: शंका आली की बाजूला. आता शंकेचा माल तीच होती. स्वतःला उचलून मांडणीवर ठेवता येत नव्हतं, घर होतं, नवरा होता. मग पोरीला तिच्यापासून बाजूला काढायचं, एवढाच रस्ता उरत होता.

तोवर ती स्वतःला तपासत राहिली. रोशनी शाळेत गेली की खुर्चीत बसून मुद्दाम ते सगळं हातात आणून बघायची: गॅलरी, पाठ, जोर. आता काय वाटतंय? किळस येतेय ना? पुरेशी येतेय ना? पहिल्यांदा आली होती तेवढीच? एखाद्या दिवशी थकून काहीच वाटायचं नाही, आणि त्या दिवशी ती सगळ्यात जास्त घाबरायची. मोबाइलवर तिनं एकदा भीत भीत विचारलं, आईला आपल्या मुलीला मारावंसं का वाटतं. मारावंसं वाटत नाही, तसं लागतं, हे कसं लिहायचं ते तिला सुचलं नाही. मोबाइलनं तिला बातम्या दाखवल्या. कुठल्या कुठल्या गावच्या बायका, तोंडावर पदर घेऊन पोलिसांच्या मधे चाललेल्या. शेजारी म्हणत होते, शांत होती हो, कधी आवाज नाही ऐकला. वासंतीनं त्या फोटोतल्या बायकांचे हात मोठे करून करून पाहिले. साधे हात. एकीच्या हातात तिच्यासारख्याच हिरव्या बांगड्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं बांगड्या काढून ठेवल्या.

समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रमिलाताईंच्या ते आधी लक्षात आलं. त्या सरकारी शाळेत शिकवायच्या, मूळच्या देवगडकडच्या, आणि त्यांचं लक्ष सुटत नसे. वेणी घालायला रोशनी रोज सकाळी त्यांच्याकडे जायला लागली होती. "काय गं वासंती, पोरीची वेणी मी घालायची, डबा तू भरायचा, म्हणजे आपलं दोघींचं मिळून एक मूल झालं," त्या म्हणाल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "हात मोकळे का गं तुझे? आणि असे लपवून काय ठेवतेस? दाखव."

"काही नाही ताई. खाज येते."

"खाजेला कुणी पदरात गुंडाळत नाही. भांडण झालंय का?"

"नाही हो. ह्यांचं-माझं कधी भांडण होत नाही."

"ते पण बरं नाही." प्रमिलाताई तिच्याकडे बघत राहिल्या. "माझी भावजय अशीच. गॅसचं बटन बंद केलं की नाही, बंद केलं की नाही; एकदा वैभववाडीवरनं एसटीतनं परत फिरली होती, अर्ध्या रस्त्यातून. सगळे हसायचे तिला. शेवटी दाखवली. गोळ्या झाल्या, बोलणं झालं, आता बरी आहे. आपल्या सरकारी दवाखान्यात पण बसतात हो तसले डॉक्टर. मी येऊ का सोबत?"

गॅसचं बटन. वासंतीला त्या भावजयीचा हेवा वाटला. गॅसचं बटन किती स्वच्छ. ते कुणालाही सांगता येतं, एसटीत बसून सांगता येतं. प्रमिलाताईंच्या मांडीला टेकून उभी असलेली रोशनी रिबिनीचं टोक चघळत दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्यादेखत काय सांगणार? आणि तिच्यामागं तरी काय? ताई, तुमच्या मांडीशी उभी आहे ना, तिला मी. ह्यापुढचा शब्द तिच्या तोंडात यायचा आणि ओठांना त्याचा आकार लागायचा. मग ती ओठ आत घेऊन दातांखाली धरायची, शब्द चुकून बाहेर पडला तर ते केल्यातच जमा, अशी.

तरी ती दवाखान्यात गेली, एकटीच. केसपेपरच्या खिडकीसमोर ही रांग; कंपन्यांतली माणसं, कडेवर तापलेली पोरं, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या बाया. रांगेत तिनं वाक्य तयार केलं होतं. मनाचे डॉक्टर कुठं बसतात? चार शब्दांचं वाक्य. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "शुं तकलीफ छे? काय होतंय?" तिच्या मागच्या बाईचं बाळ तिच्या खांद्यावर हात टाकत होतं, ओला, गरम, इवलासा हात, आणि वासंतीच्या उजव्या तळव्यात काहीतरी वळवळलं. कुणाचंही बाळ! म्हणजे आता कुणाचंही. "हाताला खाज," ती म्हणाली. त्यानं त्याप्रमाणे लिहून दिलं. चामडीच्या डॉक्टरीण बाईंनी तिचे हात उलटसुलट करून भिंगातून पाहिले. वासंती श्वास धरून उभी होती. त्या भिंगात दिसेल, आता ह्या म्हणतील, हे काय आहे? "स्किन तर एकदम चांगली आहे तुमची," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "साबण कमी वापरा," आणि एक मलम लिहून दिलं. घरी आल्यावर नवनाथनं ते नेमानं लावायला घेतलं. जेवणं झाली की तो तिच्यासमोर बसायचा, तिचा एकेक हात आपल्या गुडघ्यावर घ्यायचा आणि मशिनीच्या तेलानं काळ्या पडलेल्या बोटांनी तळव्यावर मलम चोळायचा, गोल गोल, जपून. "आता कमी आहे ना?" ओरडून विचारायचा. त्याच्या हाताखाली तिचे हात गप्प पडून असायचे, जनावरं चारा खाताना असतात तसे. ती म्हणायची, "आहे कमी." एकदा तिच्या तोंडून निघालं, "अहो, मला माझी भीती वाटते." मशिनींनी अर्धे झालेले त्याचे कान, तो म्हणाला, "आं?" आणि तिला तेच वाक्य दुसऱ्यांदा, ओरडून म्हणणं शक्य नव्हतं.

मग तिनं भावाला फोन लावला. लखन तिच्याहून लहान, दोंडाईच्याजवळ गावी शेती आणि दुधाचा धंदा. "ताई! बठ्ठं बरं शे ना?" त्यानं खुशाली विचारली, पलीकडून म्हशींचा आणि पंपाचा आवाज. तिनं सांगितलं, रोशनीला तिकडं घेऊन जा. सुट्टीपुरती नाही, पहिलीत तिकडंच घालू. मला परत कामावर जायचंय. हे तिनं इतकं सफाईनं सांगितलं की तिचं तिलाच नवल वाटलं. लखननं पंप बंद केला. मग म्हणाला, "पोरगी काय जड झाली का तुला? आमच्याकडं येऊ दे ना, आमच्या चंदाच्या जोडीला होईल. पण ताई, तू राहशील का तिच्याबिगर?" ती म्हणाली, राहीन. नवनाथनं मात्र ते ऐकून दोन दिवस ताट अर्ध्यावर ठेवलं. "माझ्या पोरीला मामाच्या दारात वाढवू? मी काय मेलो का?" पहिल्यांदाच तो हळू बोलला, आणि हळू बोललेलं फार लागलं. "कामावर जायचं तर जा. प्रमिलाताई आहेत, शाळा आहे, सगळ्या बाया जातात. काय कमी आहे इथं, सांग ना." ती फक्त म्हणत राहिली, तिला जाऊ द्या, तिला जाऊ द्या, आणि शेवटी काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे मग."

लखन आज सकाळी वापीला उतरून आला. बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन चहा पीत बसलाय, नवनाथ पहिल्या पाळीला गेलाय. पोरीला निरोप द्यायला लागू नये म्हणून गेलाय, हे वासंतीला कळतं. पिशवी भरून दाराशी ठेवलीय. फ्रॉक, स्वेटर, डोळे मिटणारी बाहुली, सर्दीचं औषध. सकाळपासून वासंतीच्या हातांना काहीही लागलेलं नाही. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ते नुसते हात आहेत, कोरडे, हलके, आणि ह्या हलकेपणाचीच तिला धास्ती वाटतेय. पोर चाललीय म्हणून ते गप्प आहेत? की शेवटच्या घटकेची वाट बघतायत? प्रमिलाताई परीक्षेच्या कामाला लवकर गेल्या. आणि रोशनी कंगवा, तेलाची बाटली आणि दोन लाल रिबिनी घेऊन स्वयंपाकघराच्या अलीकडे उभी आहे. "मी येतेय हां," ती म्हणते. थांबते. मग येते आणि आईकडं पाठ करून, काही न विचारता, तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे बसते.

केसांना किती दिवसांनी हात लावला. मऊ आहेत, टाळूशी थोडे कुरळे, नवनाथसारखे. मागं एक छोटीशी गाठ झालीय, ती प्रमिलाताईंच्या कंगव्याला कशी सुटली नाही. वासंती ती गाठ बोटांनी हळू हळू सोडवते. भांग पाडते. पांढरी, सरळ, कोवळी रेघ. खाली मानेवर बारीक लव आहे आणि त्वचेखाली काहीतरी लुकलुक उडतंय, पोरीचं रक्त, आपल्या वेगानं धावणारं. आणि ते येतं. रिबीन हातात घेतल्याबरोबर येतं, दोन्ही मुठींत, ताणल्याचं, आवळल्याचं, रिबिनीच्या दोन्ही कडा तळव्यांत रुतल्याचं, आणि आंबट वाफ इतकी दाट की डोळ्यांना पाणी. वासंतीला ओरडून लखनला बोलवायचं आहे. ती बोलवत नाही. तिचे हात तिच्या डोळ्यांसमोर आहेत, ती त्यांच्याकडं बघतेय, आणि ते तीन पेड घेऊन एकावर एक टाकतायत, एकावर एक टाकतायत. मुठींत एक गोष्ट होतेय आणि बोटं दुसरीच करतायत. रिबिनीचं फूल बांधून होतं. दुसरी वेणी सुरू होते. घामाची धार तिच्या कानामागून उतरते आणि पोरीच्या फ्रॉकवर एक थेंब पडतो.

"रोशा! आटपलं का ग? रिक्षावाला बोंबलून राहिला खाली," बाहेरून लखन म्हणतो. "वापीची गाडी आपल्यासाठी थांबणार नाही बरं का, ती काय तुझ्या मामाची आहे?"

रोशनी हसत नाही. मामाच्या बोलण्याला ती हसतेच, आज नाही. दुसरं फूलही बांधून झालंय, पण ती उठत नाही. हात मागं नेऊन ती चाचपते, आईचं बोट तिला सापडतं, ते ती मुठीत धरते. वासंती ते सोडवून घेत नाही. सोडवून घ्यावं की घेऊ नये हे तिला कळत नाही.

"आई."

"काय गं?"

"मी मामाकडे गेले ना, की मग तू कुणाला घाबरशील?"